घरखर्चाच्या दोन वह्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



किराणा, स्वयंपाक आणि काटकसर हा विषय कार्यकारी मंडळाने आम्हांस सुचविला, तेव्हा तो महिलांच्या दुपारच्या बैठकीसाठी योजलेला होता. आम्ही चिटणिसांस विनंती केली की, बोलावयाचेच तर सर्वांच्या सभेत बोलू; पुरुषमंडळी पानसुपारीस उठून गेल्यावर नव्हे. त्यांनी ती मान्य केली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. ही विनंती आम्ही कां केली, ते पुढे आपोआप ध्यानात येईल.

आपल्या खान्देशात काटकसर कोणी कोणास शिकवावी अशी स्थिती कधीच नव्हती. हिवाळ्यात नंदुरबारकडची लाल मिरची यावी, माघ-फाल्गुनात तूर आणि दादर ज्वारी घरात पडावी, चैत्रात गहू भरावा आणि मग वैशाखाच्या उन्हात वाळवणे घालावीत, असा आपल्या आयाआज्यांचा वर्षाचा क्रम ठरलेला असे. जळगाव-धुळ्याचे ऊन इतरांस शाप वाटते. आपल्या गृहिणींनी त्याचेच भांडवल केले. ज्वारी भिजवावी, कांडावी, भरडावी, तिचा घाटा शिजवून ओल्या कापडावर बिबडे थापावेत. पापड, कुरडया, शेवया, सांडगे करून डबे भरावेत. आणि आषाढात भाजी मिळेनाशी झाली की त्या डब्यांवर घर चालवावे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरचा मिलो खाल्ला. ते दिवस आमच्या पिढीने लहानपणी पाहिले आहेत. ताटात अन्न टाकू नये हे आम्हांस कोणी पाठ्यपुस्तकातून शिकविले नाही.

ही पद्धत थोर होती, यात शंका नाही. परंतु तिच्या थोरवीचा एक आकडा आपण कधी मांडला नाही. त्या डब्यांत जे पैसे वाचले, ते कशाच्या मोबदल्यात वाचले? पहाटे चार वाजता घरोटावर बसणाऱ्या बाईच्या झोपेच्या मोबदल्यात. आसोदे गावचे माहेर आणि जळगावचे सासर असलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी आपली गाणी घरकाम आणि शेतकाम करता करता रचली. ती 1952 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि सर्व महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. आपण त्या गाण्यांचा अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. पण ज्यांना गाणे सुचले नाही अशा हजारो बाया त्याच घरोटावर रोज पहाटे बसत होत्या, हे मात्र विसरतो. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. गिरणीच्या पिठास चव नाही अशी कुरकूर त्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी केलीच. आज कोणी तशी कुरकूर करतो काय? चार पैसे देऊन गिरणीने घरोघरच्या बायांचा पहाटेचा प्रहर परत दिला. हा व्यवहार स्वस्तच पडला.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. तिच्यात आमची शोभा नाही, तरी विषयास ती आवश्यक आहे.

आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षापासून घरखर्चाची वही ठेवीत आलो. दर महिन्यास पै-पैचा ताळा जुळला पाहिजे, हा आमचा नेम. एके वर्षी बाजारात न निवडलेली तूरडाळ किलोमागे 10 रुपयांनी स्वस्त मिळाली. आम्ही 20 किलो घेऊन, 200 रुपये वाचविल्याची नोंद वहीत ऐटीने केली. आमच्या सौ.नी ती डाळ पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "अहो, भाव विचारलात; निवडायला किती वेळ लागेल ते विचारलंत का?" आम्ही हसून सोडून दिले. ती डाळ निवडण्यात त्यांच्या किती दुपारी गेल्या याची नोंद आमच्या वहीत नाही, कारण त्या वहीत तसा रकानाच नव्हता.

काही वर्षांपूर्वी सौ. अंगणात घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. सहा आठवडे अंथरूण सोडावयाचे नाही असे डॉक्टरांनी बजावले. घरात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. सून नोकरीस जाते. ती पहाटे पाचास उठून पोळ्या लाटून बाहेर पडे. बाकीचे सर्व आमच्यावर आले. जन्मभर मुलांना बेरजा शिकविलेला माणूस. आम्ही सवयीने दुसरी एक वही उघडली आणि तीत रुपयांऐवजी मिनिटे लिहू लागलो. बाजार, निवडणे, चिरणे, शिजविणे, वाढणे, ओटा पुसणे, डबे भरणे. पहिल्या आठवड्याची बेरीज 41 तास झाली. आमच्या शाळेतील तासिका आठवड्यास याहून कमी असत, आणि त्या नोकरीस पगार होता, रजा होत्या, निवृत्तिवेतनही आहे.

हा काही एकट्या आमच्या घराचा हिशेब नव्हे. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसास सरासरी 299 मिनिटे घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे त्या पाहणीत आढळले. शिवाय, स्त्रियांपैकी 81 टक्क्यांहून अधिक जणी ते काम करीत होत्या आणि पुरुषांपैकी सुमारे 26 टक्केच. म्हणजे ज्यांनी हातच लावला नाही ते बहुसंख्य पुरुष या 97 मिनिटांच्या हिशेबात आलेलेच नाहीत!

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरखर्चास दोन वह्या असतात, एक रुपयांची आणि एक वेळेची. जुनी काटकसर पहिली वही जुळविण्यासाठी दुसरी बुडवीत असे. आजकालची धावपळ दुसरी वाचविण्यासाठी पहिली बुडविते. मोबाइलवर बोट ठेवावे आणि तयार जेवण दारात यावे, महिनाअखेरीस मात्र पगार कुठे गेला ते कळू नये. दोन्ही वह्या एकदम जुळतील तीच खरी काटकसर. ती कशी साधावी, याविषयी जे अनुभवास आले ते सांगतो.

पहिली गोष्ट खरेदीची. वर्षाचे काय भरावे आणि महिन्याचे काय आणावे हे प्रत्येक घराने आपल्या माणसांवरून आणि जागेवरून ठरवावे. मोठे कुटुंब आणि कोरडी खोली असेल तर गहू, ज्वारी, तूरडाळ, तिखट, हळद ही हंगामात भरण्यात फायदा आहे. जळगावात तर डाळीच्या गिरण्या गावातच आहेत. परंतु चार माणसांच्या फ्लॅटात वर्षाचा गहू भरणे म्हणजे किड्यांसाठी अन्नछत्र उघडणे होय. तेथे तीन महिन्यांचे पुरे. धान्य दाताखाली कट्‌कन फुटेल इतके वाळवावे, वाळविल्यावर पूर्ण निवू द्यावे आणि मगच कोरड्या पिंपात भरावे. गरम धान्य झाकले की आत घाम सुटतो आणि कीड तेथूनच सुरू होते. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डाळीस एरंडेलाचा हात या जुन्या युक्त्या आजही चांगल्या आहेत. मात्र एक इशारा कळकळीने देतो. गोदामात धान्यास लावण्याच्या विषारी गोळ्या घरात कदापि आणू नयेत. त्यांतून निघणारा वायू बंद घरात माणसांचे प्राण घेतो. पोत्याभर गव्हासाठी घरच्या लेकराचा जीव धोक्यात घालणे, हा कोणत्याच वहीत बसणारा व्यवहार नाही.

ज्वारीचे पीठ मात्र आठवड्याला पुरेल इतकेच दळावे. ते जुने झाले की विरी जाते, भाकरी थापता थापता तुटते आणि मग वेळ, पीठ व मनःशांती तिन्ही वाया जातात.

दुसरी गोष्ट पाकिटांची. पूर्वी अनेक जिनसांची वजने नियमाने ठरलेली असत. 2021 साली नियम बदलले, ते बंधन उठले. म्हणून किलोच्या शेजारी 900 ग्रॅमची पिशवी तितक्याच रुबाबाने उभी दिसते. त्याच बदलात पाकिटावर दर ग्रॅमचा वा दर किलोचा भाव छापण्याची अटही आली. दोन पाकिटांची तुलना करताना तो बारीक अक्षरांतला भाव वाचावा. 'मोफत' हा ठळक शब्द वाचू नये. तेलाच्या बाबतीत लिटर आणि किलो यांची गफलत होते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम भरते. म्हणून 15 लिटरचा डबा आणि 15 किलोचा डबा यांत 1 किलो 350 ग्रॅमच्या जवळपास अंतर पडते. डबे शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. कमाल किंमत म्हणून जी छापलेली असते तीत सर्व कर आलेले असतात. तीवर कोणी कर मागितल्यास देऊ नये.

तिसरी गोष्ट स्वयंपाकाची. "आज काय करू?" हा प्रश्न घरोघरी रोज दोनदा विचारला जातो आणि उत्तर मिळते, "काहीही कर." आमच्या सहा आठवड्यांत आम्हांस कळले की, करण्याइतकाच शीण ठरविण्याचाही असतो. म्हणून रविवारी रात्री सर्वांनी मिळून दहा मिनिटे बसावे आणि आठवड्याचे बेत कागदावर लिहावेत. त्यावरूनच बाजाराची यादी निघते. रोज पिशवी घेऊन निघणे टळते, आणि यादीबाहेरची वस्तूही घरात येत नाही. आदल्या रात्री भिजविलेली मटकी, चिरून ठेवलेली भाजी, वाटून ठेवलेला मसाला, एकाच कुकरात वरण, भात आणि बटाटे. याने पहाटेची धावपळ निम्म्यावर येते. कुकरात दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते आणि गॅसही वाचतो.

आणि झटपट जेवणासाठी परक्या पाकिटांकडे धावण्याचे आपणांस कारण काय? ज्वारीत सालासकट उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा हे पूर्ण जेवण आहे. धान्यात जे उणे असते ते कडधान्याने भरून निघते, ही गोष्ट आजचे आहारशास्त्रही सांगते. भाजी नसेल त्या दिवशी शेवभाजी अर्ध्या तासात होते. तूरडाळीचे फुनके आणि कढी, खिचडी आणि भाजलेला पापड, पावसाळ्यात शेंगदाण्यांबरोबर कच्चा बिबडा. हे पदार्थ आपल्या पूर्वजांनी शेतावरून थकून येणाऱ्या माणसांसाठीच शोधून काढले. हिवाळ्यात भरताची वांगी स्वस्त असतात. तेव्हा भरीत करावे. वैशाखात महागडी मिळमिळीत वांगी आणून भरिताचा हट्ट धरू नये. हंगामाप्रमाणे खाणारा माणूस सहसा ठकत नाही.

उरलेल्या अन्नाविषयी दोन शब्द. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील घरांतून माणशी वर्षास सुमारे 55 किलो अन्न वाया जाते असा अंदाज दिला आहे. त्यात साली-देठही धरलेले आहेत हे खरे. तरीही हा आकडा ऐकून मान खाली जाते. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करावा, वरणात कणीक मळावी. मात्र काटकसरीच्या नावाखाली प्रकृतीशी खेळू नये. आपल्या उन्हाळ्यात शिजविलेला भात दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री खाणे धोक्याचे आहे. निवला की तो लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. ते शक्य नसेल तर मोजूनच शिजवावा.

चौथी गोष्ट जराशी नाजूक आहे. नोकरी करणाऱ्या सुनेने पोळ्या विकत आणल्या तर घरात कुजबुज होते. ही कुजबुज आता थांबली पाहिजे. मुंबईत गिरणी कामगारांना घरगुती खानावळीतून जेवू घालणाऱ्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले, तेव्हा त्या बायांच्या कष्टास मान मिळाला. आपल्या गल्लीतही एखादी गरजू भगिनी पोळ्या लाटून मुलांचे शिक्षण करीत असते. आठवड्यातून दोन दिवस तिच्याकडून पोळ्या घेतल्याने एका घरात वेळ जातो आणि दुसऱ्या घरात फी जाते. सौ.च्या आजारात आमच्या घरी नेमके हेच झाले. सहाव्या आठवड्यास दुसऱ्या वहीची बेरीज 41 वरून 28 तासांवर आली, आणि पहिल्या वहीतला खर्च वाढला नाही. कारण बाहेरून मागविणे जवळजवळ बंद झाले होते.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकट्याने केलेली काटकसर थोडी असते; मिळून केलेली मोठी असते. इंग्लंडात रॉचडेल गावी 28 जणांनी, ज्यांत अनेक गरीब विणकर होते, 1844 च्या डिसेंबरात आपले दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ अशा मोजक्याच जिनसा तेथे होत्या. माल शुद्ध, वजन पुरे, व्यवहार रोखीचा, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने त्याला परत, हे त्यांचे नियम. जगभरच्या ग्राहक सहकाराने त्यांनाच आदर्श मानले. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली स्थापन झाली. तिच्या पद्धतीत शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात, पैसे आगाऊ भरतात आणि माल आला की सभासदच तो वाटून घेतात. दुकान नाही, उधारी नाही.

हे आपणांस अशक्य आहे काय? आपल्या मंडळाचे सभागृह महिन्यातील बहुतेक दिवस रिकामे असते. 20 कुटुंबांनी एकत्र यावे. प्रत्येकाने महिन्याच्या 25 तारखेपर्यंत यादी आणि पैसे द्यावेत. दोघा जाणत्या माणसांनी जळगावात दाणा बाजारात, धुळ्यात पाच कंदिलाकडे जाऊन पाच-सहाच जिनसा ठोक भावाने आणाव्यात: डाळ, तांदूळ, साखर, तेल, गूळ, शेंगदाणे. पक्की पावती घ्यावी आणि ती सभागृहाच्या फलकावर लावावी. हिशेब दर तीन महिन्यांनी दुसऱ्याकडे द्यावा, म्हणजे संशयास जागा राहात नाही. उधारी एकासही देऊ नये, मग तो अध्यक्षांचा जावई असला तरी! समजा, एका घरामागे महिन्यास 200 रुपयेच वाचले, तरी 20 घरांचे वर्षास 48,000 रुपये होतात. शिवाय बाजारातल्या 20 फेऱ्यांच्या जागी एकच फेरी होते, आणि हा लाभ दुसऱ्या वहीत पडतो.

यात एक सूचना. शेजारी दुसऱ्या समाजाचे कुटुंब असेल आणि त्यास यावयाचे असेल तर त्यास आनंदाने घ्यावे. मंडळ ज्ञातीचे असले तरी दाण्याला जात नसते, आणि जितकी घरे अधिक तितका भाव कमी.

वाळवणांचेही असेच. पूर्वी एकीच्या गच्चीवर दहाजणी जमत, आज हिचे, उद्या तिचे असे पापड लाटले जात. काम हलके होई आणि मनही हलके होई. ती रीत मोडली म्हणून वाळवणे जड झाली. एखाद्या रविवारी सभागृहाच्या गच्चीवर पुन्हा सर्वांनी जमावे. मात्र या वेळी घाटा ढवळण्यास मनगटात जोर असलेले पुरुष हवेत आणि खाटा वर चढविण्यास तरुण मुले हवीत. पंगतीला वरणबट्टी करताना आपलेच पुरुष मोठमोठ्या पातेल्यांत वरण घोटतात आणि त्याची प्रौढी सांगतात. जे हात दोनशे माणसांचे वरण घोटू शकतात, ते घरी चार माणसांचा कुकर लावू शकत नाहीत, हे आम्हांस पटत नाही.

हा विषय सर्वांच्या सभेत घेण्याचा आग्रह आम्ही धरला तो याचसाठी. काटकसरीचा उपदेश स्त्रियांस करणे सोपे आहे. त्या तो जन्मभर आचरीतच आल्या आहेत. आमच्या घरी आता रात्रीचे जेवण मुलगा आणि आम्ही करतो, नातू ताटे घेतो, आणि नातवाने पोळी लाटली म्हणून तिच्या नकाशावरून कोणी हसत नाही. चाळीस वर्षे आम्ही एकच वही ठेविली आणि स्वतःस हिशेबी समजत आलो. दुसरी वही उघडावयास सौ.चा पाय मोडावा लागला, याची खंत आम्हांस आहे. आपल्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हे सांगितले.

आज घरी गेल्यावर प्रत्येक पुरुषाने एक कोरी वही घ्यावी आणि एक आठवडा, केवळ एक आठवडा, आपल्या घरातील स्वयंपाकाचा वेळ कोणाच्या नावावर किती पडतो ते प्रामाणिकपणे लिहावे. पुढे काय करावयाचे ते त्यास ती वहीच सांगेल. आणि ज्या कुटुंबांस एकत्र खरेदीत यावयाचे आहे, त्यांनी जाण्यापूर्वी चिटणिसांकडे नाव नोंदवावे. पहिले नाव आमचे लिहून ठेविले आहे.